गॅलरीतलं विद्यापीठ

समस्त गिरगावकर, आणि विशेषतः दुसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडकरू यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या चाळीतले इंग्रजीचे प्राध्यापक आज सकाळपासून एकदाही संतापलेले नाहीत. तरी सर्वांनी शांतता राखावी, अफवांवर विश्वास ठेवू नये, आणि कुणीतरी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन यावे.

ही घोषणा खरोखरच झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका वात्रट इसमाने कठड्याला टेकून, रेडिओवरच्या बातम्यांचा आवाज काढून ती केली. तो इसम मी. अख्खी चाळ हसली, पण काकू हसल्या नाहीत. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या तशाच आत गेल्या, सरांच्या कपाळाला हात लावला आणि ओरडल्या, "अहो, ह्यांना खरंच ताप आहे!"

सरांचं नाव मी सांगणार नाही. नाव छापलं तर त्यातली वेलांटी चुकणार आणि ते जिथे असतील तिथून माझ्यावर संतापणार. संताप हा त्यांचा श्वास होता, आणि तो वेळापत्रकाप्रमाणे चाले. सकाळचा संताप वर्तमानपत्रावर. ते दिवसच तसे होते. मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही, यावर दिल्लीत बसलेली माणसं विचार करत होती. "विचार करतायत!" सर पेपर आपटत. "माझ्या घरात मी राहू की नको, याचा विचार शेजारी करतोय!" दुपारचा संताप विद्यापीठासाठी राखीव. संध्याकाळी जरा घरगुती, म्हणजे भेंडी चिरण्याची पद्धत, ट्रामचा कंडक्टर, जिन्यातला दिवा, असं काहीतरी.

धोतर, बंद गळ्याचा काळा कोट आणि बारा महिने काखेत छत्री. ही छत्री पावसाशी काही संबंध ठेवून नव्हती. समोरचा माणूस मूर्खासारखं बोलू लागला की सर भर घरात ती फटकन उघडायचे आणि तिच्याखाली बसून राहायचे. एकदा कॉलेजच्या सभेत प्राचार्य बोलायला उभे राहिले आणि सर छत्री उघडून बसले. सभा तिथेच आटोपली.

ते इंग्रजी शिकवायचे, आणि तासाची घंटा झाली की इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढायचे नाहीत. "पगार घेतो तेवढं बोललो," म्हणायचे.

आता थोडा वेळ मला संतापू द्या. आमच्या त्या एवढ्या मोठ्या विद्यापीठात केवढं संशोधन चाललेलं असायचं! उंच मनोरा, रंगीत काचा, आत जिने चढताना माणूस आपोआप हळू बोलायला लागायचा. आणि जिथून तिथून आलेली पोरं काय काय शोधत होती! पण सगळ्यांनी लिहायचं इंग्रजीत. बोंबील शीव कोळीवाड्यातला, तो वाळवणारी आई कोळीवाड्यातली, तो वाळताना त्यात नेमकं काय होतं याचा अभ्यास करणारा मुलगा तिचाच, आणि प्रबंध मात्र इंग्रजीत! कुणासाठी? बोंबील तर वाचणार नव्हता. मग ही पोरं तुटक्या इंग्रजीतलं बाड काखोटीला मारून आमच्या सरांकडे यायची. सर ते सुधारून द्यायचे, फुकट. अट एकच. आधी अख्खा विषय मराठीतून सांगायचा. आणि सरांना नव्हे, गॅलरीला.

गॅलरी म्हणजे आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची सामाईक गॅलरी. रविवारी सकाळी तिथे बायका तांदूळ निवडायच्या, कुणी दाढी करत असायचं, कुणी वाळत घातलेल्या चादरीआड पेपर वाचायचं. संशोधकाला मधोमध एका पाटावर बसवायचं. "बोल," सर म्हणायचे. "ह्यांना कळलं तर तुला कळलंय. तुला कळलं असेल तर मी इंग्रजी बघतो."

त्या पाटावर कोण कोण बसलं म्हणून सांगू! गाठींचं गणित करणारे एक नामांकित प्राध्यापक आले. विद्यार्थी नव्हे, प्राध्यापक. त्यांना दोरी लागत होती. काकूंनी परकराची नाडी काढून दिली. त्या नाडीवर त्यांनी अशा गाठी घालून दाखवल्या की सकाळ सरली, आणि शेवटची गाठ त्यांना स्वतःलाच सुटेना. एक भौतिकशास्त्रवाले आले. ते म्हणाले, आकाशातून किरण येतात आणि छप्पर, भिंत, माणूस सगळ्यांतून आरपार जातात, आत्ता या क्षणीसुद्धा जातायत. आमच्या गोदूमावशींनी पटकन पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. "आणि तुम्ही ते बघत बसता?" त्यांनी विचारलं. पागडीच्या व्यवहारावर अभ्यास करणारा एक अर्थशास्त्राचा विद्यार्थी तर अर्ध्यातून उठून पळाला, कारण चादरीआड पेपर वाचणारा गृहस्थ चाळीच्या मालकाचा मेहुणा निघाला.

मीही बसलो होतो. माझा विषय होता इंग्लंडातल्या लोकरीवरचा जुना कर. हसू नका, रीतसर मंजूर झालेला विषय होता! मी तासभर बोललो. गोदूमावशींनी तांदळातला खडा फेकला आणि विचारलं, "मग आता ती लोकर कुठाय?" मी संशोधन सोडलं आणि त्याच विद्यापीठाच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. प्रबंध लिहिण्यापेक्षा इकडून तिकडे नेणं मला फार चांगलं जमलं.

सरांचा हट्ट कुठवर जायचा? एकदा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात सरांना आणि त्या बोंबीलवाल्या मुलाला एकाच पोलिस गाडीत कोंबलं. बाहेर घोषणा, अश्रुधुराने लाल झालेले डोळे. सर खोकत खोकत म्हणाले, "गेल्या रविवारी तू मीठ आणि ऊन यावर थांबला होतास. पुढे?" मुलाने पुढे सांगितलं. गाडी कोठडीपाशी पोचली तरी कुणी उतरेना. शेवटी हवालदारच म्हणाला, "सर, उतरा आता. पण त्या भरतीच्या दमट वाऱ्याचं काय झालं ते आत गेल्यावर मलापण सांगायला लावा ह्याला."

अशा त्या गॅलरीत एका रविवारी सुलोचना आली.

वरळीच्या बीडीडी चाळीतली. वडील गिरणीत. घराने नुकताच बौद्ध धम्म स्वीकारलेला. उंच, बारीक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिचा विषय ऐकून विद्यापीठात बऱ्याच लोकांनी भुवया उचलल्या होत्या. विषय होता चाळीतल्या सामाईक नळावरची रांग. भायखळा, परळ, लालबाग, गिरगाव, जिथे जिथे नळ तिथे तिथे ही पहाटे जाऊन उभी.

गॅलरीने तिला डोक्यावर घेतलं. कारण हा विषय तर गॅलरीचाच! ती सांगत होती, रांगेत माणूस नसतं, भांडं असतं. भांडं ठेवून माणूस चुलीपाशी जाऊन येतं आणि त्याचा नंबर कुणी मोडत नाही. गळकं डबडंसुद्धा नंबर धरतं. ज्या घरात कुणी गेलं असेल त्या घराची घागर न बोलता पुढे येते. नवी सून पहिले काही दिवस भांडत नाही, तिच्या वतीने सासू भांडते. "बरोब्बर!" गोदूमावशी ओरडल्या. "आमची सासू माझ्या वतीने भांडायची नि घरी येऊन माझ्याशी भांडायची!" सर खुर्चीत नुसते डुलत होते.

मग ती म्हणाली, "आता तिसरं प्रकरण."

"गर्दीत भांड्याला भांडं टेकतं," ती म्हणाली. "टेकायलाच पाहिजे, जागा कुठे असते? पण काही घरांची भांडी आली की मागचं भांडं वीतभर मागे राहतं. कुणी कुणाला सांगत नाही. विचारलं तर कुणी कबूल होत नाही. आता कोण पाळतंय असलं, असंच सगळ्या म्हणतात. पण ती वीतभर जागा मी रोज पाहिली. सगळ्यात आधी पाहिली ती माझ्या आईच्या घागरीमागे. आम्ही परळला मामाकडे राहत होतो तेव्हा."

गोदूमावशींनी सूप खाली ठेवलं. "तिकडे गिरणगावात असेल हो बाई. आमच्याकडे असलं काही नाही."

"मावशी, इथेही आहे."

"इथे कुठे?"

"तुमच्या चौकातल्या नळावर. जिन्याखालच्या पारूबाईंची बादली आली की."

सर ताडकन उठले. छत्री उघडली. "अशक्य! माझ्या चाळीत? मी इथे जन्म काढलाय! तू चुकीचं पाहिलंस!"

दारातून काकूंचा आवाज आला. "आहे हो."

"काय आहे?"

"अंतर. मीपण ठेवते. हात आपोआप तिथेच थांबतो." त्या पदराला हात पुसत होत्या. "तुम्ही कधी जन्मात पाणी भरलंय का? ओरडताय मगाचपासून."

छत्री उघडीच राहिली. एवढी वर्षं ते सगळ्या जगावर संतापले होते, आणि हे त्यांच्याच घरच्या कळशीमागे चाललेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चाळीने जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहायला मिळालं नाही. धोतर, काळा कोट आणि कमरेवर पितळी कळशी घेऊन इंग्रजीचे प्राध्यापक बायकांच्या रांगेत येऊन उभे! पारूबाईंची बादली होती. सरांनी तिला कळशी टेकवली, अशी की टण्णकन आवाज झाला. त्यांच्या मागे गोदूमावशी. मावशींनी हंडा खाली ठेवला, तो सरांच्या कळशीपासून वीतभर मागे. अंतर गेलंच नव्हतं, नुसतं एक नंबर मागे सरकलं होतं.

"गोदूबाई!" सर गरजले. "मी बाटलो वाटतं?"

"तसं नाही हो सर," मावशी लाजून चूर. "पुरुषमाणसाच्या कळशीला कसा टेकवू हंडा? बरं दिसतं का?"

चौकात हशा पिकला. सर आणखी काही बोलणार, तोच पारूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही आत्ता कॉलेजला जाल. दिसभर या नळाशी मला राहायचंय. जरा सबुरीनं घ्या."

मी वरून बघत होतो. त्या वाक्यापुढे सर मान खाली घालून उभे राहिले.

पुढच्या पहाटे काकू गेल्या. कळशी टेकवली आणि मागे वळून म्हणाल्या, "ठेव गं गोदू. काल पुरुष होता, आज मी आहे." मावशी हंडा कमरेवर धरून उभ्या राहिल्या, पाणी गेलं, आणि त्या रिकाम्या हंड्याने वर गेल्या. काही दिवसांनी त्यांनी हंडा टेकवला. मनापासून की पाण्यापायी, ते त्यांनाच ठाऊक. पण टेकवला.

आमच्या नळावर हे चालू होतं तेव्हा विद्यापीठात वेगळंच शिजत होतं. सुलोचनाच्या परीक्षकांचे अध्यक्ष दादरचे एक मोठे गृहस्थ होते. समाजसुधारणेवर त्यांची भाषणं व्हायची, लोक लांबून ऐकायला यायचे. त्यांनी सुलोचनाच्या मार्गदर्शकांना निरोप धाडला की, पहिली दोन प्रकरणं उत्तम आहेत, तिसरं काढावं. मुंबईत आता असलं काही उरलेलं नाही. शिवाय आज सगळा मराठी माणूस एक होऊन आपलं राज्य मागतोय, अशा वेळी हे उकरून काढलं तर चळवळीला गालबोट लागेल. प्रकरण काढलं तर पदवी. नाही काढलं तर प्रबंध परत.

हे वाचताना तुमचं रक्त तापत नसेल तर माझं ऐका, माझं आजही तापतं! एक व्हायचं म्हणजे काय, तर जिच्या मागे अंतर ठेवलंय तिने गप्प बसायचं. ज्यांनी ठेवलंय त्यांनी काय करायचं? भाषण!

सरांचा आवाज त्या दिवशी ट्रामच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेला. "मी काठ्या खाल्ल्या त्या राज्यासाठी! अश्रुधूर खाल्ला! तो काय नळावर मागे सरकायला? एक ओळसुद्धा काढायची नाही! काढशील तर मी तुझं इंग्रजी बघणार नाही!"

सुलोचना शांतपणे बसली होती. भिडस्त मार्गदर्शकांनी तिला आधीच सांगून टाकलं होतं, "एक प्रकरण तर आहे, सोडून द्या." एका कॉलेजात तिची शिकवण्याची नोकरी पदवीवर अडलेली होती.

"सर," ती म्हणाली, "नापास तुम्ही होणार नाही, मी होणार आहे. तेव्हा ओरडायचा हक्क माझा आहे."

सर खुर्चीत बसले.

"आमच्या इमारतीतून इथवर आलेली मी पहिली मुलगी. मी रिकाम्या हाताने परत गेले तर माझ्या मागच्या मुलींना सगळे सांगतील, बघा, ती पण गेली होती. म्हणून मला पदवी पाहिजे." मग म्हणाली, "आणि माझ्या आईची घागर वगळून पदवी मला नको. मी काढत नाही. जे विचारायचं ते मला तोंडी परीक्षेत विचारू देत. पण सर, तुम्ही तिथे एक शब्द बोलायचा नाही. वचन द्या."

सरांनी वचन दिलं. मला वाटतं, आयुष्यात त्यांनी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट तीच असावी.

तोंडी परीक्षेला कुणीही येऊन बसावं असा नियम होता. एरवी कुणी येत नसे. त्या दिवशी मागच्या बाकांवर आमची गॅलरी होती. सर, काकू, आणि नवं लुगडं नेसून गोदूमावशी. त्यांच्या शेजारी पारूबाई आणि सुलोचनाची आई. मी कचेरीचा माणूस म्हणून कागद घेऊन भिंतीशी उभा.

शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. सुलोचना पास झाली. तिसरं प्रकरण जसंच्या तसं राहिलं. पुढे ती नामवंत प्राध्यापक झाली आणि पोरांना पहाटे नळांवर पाठवू लागली. लोक सांगतात, सरांनी त्या सभागृहात सिंहगर्जना केली म्हणून प्रकरण वाचलं. साफ खोटं! सर मुठी आवळून, कानशिलं लाल करून बसले होते, पण वचन मोडलं नाही. दुसऱ्या परीक्षकांनी नंतर शेरा लिहिला की, तिसऱ्या प्रकरणातील निरीक्षणाबद्दल आता शंका घेण्यास जागा नाही. तो शेरा त्यांनी का लिहिला, ते खोलीतल्या प्रत्येकाने कानांनी ऐकलं होतं.

झालं असं. तासभर प्रश्नोत्तरं चालली होती, सगळी इंग्रजीत. सुलोचना न अडखळता उत्तरं देत होती. घसा सुकला म्हणून तिने टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला, पेल्यात पाणी ओतलं, प्यायली, आणि तांब्या जागेवर ठेवला. मग अध्यक्ष बोलू लागले. फार सुंदर इंग्रजी. आपण सारा जन्म या शहरात काढला, असं ते म्हणाले. आपल्या घरात, आपल्या शेजारात, आपल्या ओळखीच्या कुणातही असा भेद आपण कधी पाहिलेला नाही. उमेदवाराला मनातल्या जुन्या जखमेमुळे हे दिसत असावं, शास्त्र म्हणून ते मान्य करता येणार नाही.

सुलोचना म्हणाली, "मी जे पाहिलं तेच लिहिलंय."

अध्यक्षांनी खेदाने मान हलवली. एवढं बोलून त्यांचाही घसा सुकला होता. त्यांचा हात तांब्याकडे गेला आणि मध्येच थांबला. मग दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला त्यांनी बोटाने बोलावलं आणि दबक्या आवाजात मराठीत सांगितलं, "गणपत, पाणी आण."

गणपत पुढे आला, तांब्यात डोकावला आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, हा काय, भरलेला आहे की!"

आणि अध्यक्ष वैतागून, इंग्रजी विसरून, मोठ्याने म्हणाले, "अरे, भरलेला आहे ते मलापण दिसतंय! तिने हात लावलाय ना त्याला!"